निगेटिव्ह परत द्यायची असते

तीन माणसांना विचारायचं, असं मी ठरवलं होतं. सत्तरचं दशक निम्म्याहून अधिक सरलं होतं, मी तिशीला आले होते आणि भिवंडीत बाबांच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढत होते. लग्नाचा विषय घरात मागे पडला होता, पण त्याच्या जागी दुसरा कुठलाही विषय पुढे आला नव्हता. कागदावर मांडल्याशिवाय मला काही सुचत नाही. आजही बाजारात जाताना मी भाजीसुद्धा लिहून नेते. तेव्हा ब्रोमाइड पेपरच्या रिकाम्या पाकिटावर मी 'पुढे काय?' असं लिहिलं आणि खाली तिघांची नोंद केली: बाबा, शाळेतले चित्रकलेचे सर, आणि मुंबईत आम्हाला फोटोचा कागद विकणारा दुकानदार.

बाबांपासून सुरुवात केली. ते खिडकीशी बसून एका निगेटिव्हवर पेन्सिलीने बारीक टिंबं देत होते. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांच्या भुवयांत आणि मिशांत कापसाची तूस अडकलेली असे. ती झटकून घ्यायला आम्ही आरशाजवळ ब्रश ठेवला होता, तरी थोडी राहायचीच, आणि मग तिचा माग निगेटिव्हवर पुसावा लागे.

"पुढे म्हणजे कुठे?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"म्हणजे हेच करत राहायचं का?"

"पासपोर्ट फोटो काढणारा उपाशी राहत नाही. सरकार बदलतं, पण फॉर्मवरचा चौकोन तिथेच असतो."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला ते सहन होईना.

सरांनी सांगितलं, "निसर्गाकडे जा. तुझी नजर स्टुडिओत आखडली आहे." मी एस.टी. पकडून गणेशपुरीला गेले. भाताच्या खाचरांचे फोटो काढले, बांधावरचे बगळे काढले, आश्रमाच्या रस्त्याने चाललेले परदेशी पाहुणे काढले. त्यांच्या प्रत्येकाच्या गळ्यात माझ्यापेक्षा चांगला कॅमेरा होता. एका बाईने हसून माझाच फोटो काढला. घरी येऊन रोल धुतला, तर सगळे फोटो किराणा दुकानाच्या कॅलेंडरसारखे आले होते. त्या बाईने काढलेला माझा फोटो बहुधा त्या सगळ्यांपेक्षा बरा आला असेल.

दुकानदाराने मात्र कामाचं सांगितलं. तो म्हणाला, "एका साप्ताहिकाला बाई फोटोग्राफर हवी आहे. घराघरांतल्या बायकांवर लेख येणार आहेत. पुरुष गेला की बायका आत पळतात. तुम्ही जाऊन भेटा."

पुढच्याच आठवड्यात मी त्या कचेरीत गेले. फोटो विभागाचे प्रमुख वयाने बाबांएवढे होते आणि बोलताना सारखे चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत. मी नेलेले फोटो त्यांनी पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. स्टुडिओचा कोट घातलेला विणकर, स्टुडिओचं घड्याळ बांधलेला विणकर, स्टुडिओचा रेडिओ मांडीवर घेतलेला विणकर.

"हात स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण हे सगळे श्वास धरून बसलेत. मला बायका हव्यात. घरातल्या. आपण आहोत तशा बसलेल्या."

"तसं काम मी बरीच वर्षं करतेय," मी म्हणाले.

"मग ते का नाही आणलं?"

"ते माझ्याकडे नसतं."

"कोणाकडे असतं?"

"त्यांच्याकडे. निगेटिव्ह परत द्यायची असते."

त्यांनी चष्मा मिटला. "म्हणजे मासा फार मोठा होता, पण गळाला लागून सुटला."

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मीही हसले, कारण त्या खोलीत मला दुसरं काही करता येत नव्हतं. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. दहा-बारा फोटो आणा, मग बघू.

आता ते काम काय होतं, ते सांगायला हवं. बाबांनी फोटो काढलेला चालणार नाही, अशी घरं भिवंडीत पुष्कळ होती. हजला जाणाऱ्या बायकांना पासपोर्ट लागे. आखातात गेलेल्या नवऱ्याला बायकोचा फोटो हवा असे. मुलगी दाखवायची असे. अशा घरांतून निरोप आला की मी जायची. सत्तर सालच्या दंगलीनंतर आमच्या गावात कामाशिवाय कोणी कोणाच्या गल्लीत जात नव्हतं. मला काम होतं. निजामपुऱ्यातल्या एका घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथल्या चाचीने दारातच अटी घातल्या होत्या. फोटो मीच काढायचा, मीच धुवायचा, बाबांनीही बघायचा नाही. जेवढे फोटो सांगितले तेवढेच छापायचे. बिघडलेले कागदसुद्धा आणून द्यायचे; ते ती माझ्यासमोर चुलीत घालायची. आणि निगेटिव्ह त्याच पाकिटात परत. हीच रीत मग बाकीच्या घरांनीही धरली.

आणखी एक गोष्ट होती. निजामपुऱ्यात आणि नारपोलीत खाली लूम आणि वर घर, अशी रचना. लूम चालू असले की वरची फरशी थरथरते. कॅमेऱ्याला तिवई लावून काही उपयोग नसतो, फोटो हलतो. म्हणून मी फक्त जुम्म्याला जायची. शुक्रवारी लूम बंद असत, पुरुष नमाजाला गेलेले असत, आणि घरात अशी शांतता असे की बायका आधी थोड्या गोंधळल्यासारख्या बोलत. एरवीच्या ओरडून बोलण्याच्या सवयीने आवाज मोठा लागायचा आणि मग आपलाच आवाज ऐकून त्या हसायच्या. खिडकीच्या उजेडात, पदर सावरत, मुलाला मांडीवरून उतरवत त्या बसत. स्टुडिओत जसे लोक बसतात तसं कधी कोणी बसलं नाही. हा फोटो आपल्याशिवाय आणि आपल्या माणसाशिवाय कोणी बघणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

साहेबांना हवे होते ते नेमके हेच फोटो. माझ्या हातून उतरलेलं सगळं चांगलं काम त्या घरांतल्या ट्रंकांत पडलं होतं, असा माझा समज होता.

कचेरीतून आले तेव्हापासून मला एका जागी बसवेना. स्टुडिओत गिऱ्हाईक खुर्चीत बसवायची आणि कॅमेऱ्यात फिल्म नाही, हे नंतर लक्षात यायचं. फोटो पक्का करणारं हायपोचं पाणी बदलायचं विसरायची. असं माझं कधी होत नाही. मधल्या दिवसांत मी आमच्या आळीतल्या बायकांचे फोटो काढून पाहिले. निरोप मिळताच प्रत्येकीने ठेवणीतली साडी नेसली, पावडर लावली आणि भिंतीला पाठ टेकून ताठ बसली. एकीने तर स्टुडिओतला पडदा घरी आणता येईल का, असं विचारलं.

शेवटी जुम्म्याला चाचीकडे गेले. चाची म्हणजे साठीची, भरल्या अंगाची बाई. खालच्या लूमचा व्यवहार थोरल्या मुलाचा, पण तो कुवेतला. इथे सगळं चाचीच्या नजरेखाली चालायचं. समोर पानाचा डबा, हातात अडकित्ता. शेजारी सून भाजी निवडत होती.

"आज कोणाचा फोटो?" चाची म्हणाली. "मी तर बोलावला न्हाय तुला."

मी सरळ सांगितलं. मुंबईत नोकरी आहे, काम दाखवायला हवं, तुमच्याकडच्या निगेटिव्ह थोड्या दिवसांसाठी द्याल का, एका साहेबांना दाखवून परत आणते.

चाची बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग सुनेला म्हणाली, "तो बिस्कुटाचा डबा आण."

मला वाटलं नव्हतं एवढ्या लवकर ती तयार होईल. सुनेने पत्र्याचा डबा आणला, चाचीने झाकण काढलं आणि माझ्यासमोर सतरंजीवर उलटा केला. सगळ्या निगेटिव्ह त्यात होत्या. प्रत्येकीचे दोन तुकडे झाले होते. कापलेली कड बरोबर चेहऱ्यावरून गेलेली.

मी एक तुकडा उचलून उजेडाला धरला. सुनेच्या खांद्यावरचा दुपट्टा आणि अर्धी हनुवटी होती.

"हे कोणी केलं?"

"मी. तू देऊन गेलीस की त्याच दिवशी." तिने अडकित्ता दाखवला. "ह्याने चांगली कापते. कातरीने घसरते."

"पण का, चाची?"

"तूच सांगितलंस ना गो. पयल्या खेपेला. जपून ठेवा म्हणालीस, एका निगेटिव्हमधून हवे तेवढे फोटो निघतात. मी म्हटलं, या अल्ला. फोटो एक हाय तर एक, कुठं गेला ते ठावं हाय. ह्या काल्या तुकड्यातून किती निघतील त्याला राखण कोण बसणार?"

हे मी खरंच सांगितलं होतं. सगळ्याच घरांत सांगायची. बाबांनी शिकवलेलं वाक्य होतं ते. गिऱ्हाईक पुढच्या वेळी जादा प्रती काढायला येतं.

"बाकीच्या घरांतही कापतात?"

सून हसली. "अम्मांनीच सगल्यांना शिकवलंय."

मी तुकडे गोळा करून डब्यात भरू लागले. मला रडू आलं नाही. मला उठून चालायला लागावंसं वाटत होतं, कुठेही. चाचीने ते पाहिलं असावं.

"नोकरी चांगली हाय?"

"हो."

"लांब?"

"रोज जाऊन-येऊन करता येईल."

"मग माझा काढ. मी म्हातारी, मला कोण बघणार? दाखव तुझ्या सायबाला."

"अम्मा!" सून म्हणाली.

"तुझा न्हाय काढत, तू भाजी निवड."

कॅमेरा मी नेहमी बरोबर नेते, तसा त्या दिवशीही होता. चाची सावरून बसली नाही, पदर नीट केला नाही. ती सुनेला भाजीतल्या किडीवरून बोलत राहिली आणि मी फोटो काढला. एकच. फिल्म तेवढीच उरली होती.

रोल त्याच संध्याकाळी धुतला. फोटो छापायला घेतला आणि ट्रेमधल्या पाण्यात चाचीचा चेहरा वर आला तेव्हा मी बाबांना हाक मारणार होते. मग अट आठवली आणि गप्प राहिले. खिडकीकडून आलेला उजेड तिच्या गालावरून अडकित्त्याच्या पात्यावर उतरला होता, आणि ती कोणाला तरी रागावत असूनही हसणार आहे, हे दिसत होतं. मी आजवर काढलेल्या फोटोंत असा नव्हता. म्हणजे असेल, पण मला ते आता कधीच कळणार नव्हतं.

पुढच्या जुम्म्याला पसंतीसाठी चाचीकडे नेला. नेहमीसारखा पाकिटात घातला, पाकीट तिच्या हातात दिलं. सुनेने चहासाठी आत बोलावलं. चहा घेऊन बाहेर आले, तर चाची फोटो डोळ्यांजवळ धरून बघत होती आणि तिच्या मांडीशी निगेटिव्हचे दोन तुकडे पडले होते.

माझी नजर कुठे आहे ते बघून चाचीने खाली पाहिलं.

"ही... ही न्यायची होती?"

"हो."

"मग पाकिटात कशाला घातलीस?"

"सवय."

चाचीने अडकित्ता डब्यात टाकला. "माझीपण सवय, बाय."

सून तोंडात पदर घेऊन हसू दाबत होती. चाचीने तिच्याकडे रागाने बघितलं आणि मग तिलाही हसू आलं. मीही हसले असेन. पण हसता हसता माझं डोकं पुढे चाललं होतं. फोटोवरून फोटो घेता येतो. घरातलं माणूस गेलं की लोक जुना फोटो आणतात, तो भिंतीला लावून, दोन बाजूंनी दिवे सोडून आम्ही नवी निगेटिव्ह करतो. ते मी चाचीला सांगितलं. आणि मग राहिलेलंही सांगितलं, कारण न सांगता राहवलं नसतं: साहेबांना आवडला तर ते साप्ताहिकात छापतील.

"किती लोक बघतील?"

"पुष्कळ. वाण्याच्या पुडीपर्यंत जाईल."

चाची गंभीर झाली. "मग मुलाला विचारायला पायजे."

कुवेतला विचारायचं म्हणजे कॅसेट. त्या घरात पत्र लिहायचे नाहीत. टेप चालू करून सगळे पाळीपाळीने बोलायचे आणि कुवेतला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर कॅसेट पाठवायचे. उत्तरही तसंच, कोणी रजेवर आलं की त्याच्या सामानातून. त्या कॅसेटवर चाचीने माझा सगळा विषय सांगितला. मी समोर बसून ऐकला. त्यात साहेबांचा चष्माही आला, जो मी तिला सहज सांगितला होता.

मग वाट बघणं सुरू झालं. महिना संपत आला. मी साहेबांना कार्ड लिहिलं: एक उत्तम फोटो आहे, परवानगीसाठी थोडा वेळ हवा. कुवेतचं लिहिलं नाही. रोज पोस्टमन येण्याच्या सुमाराला दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहायची. बाबा आतून म्हणायचे, "तू उभी राहिल्याने तो लवकर येत नाही." दर जुम्म्याला चाचीकडे काम नसताना जायची. "कुणी आला न्हाय अजून," ती दारातूनच सांगायची. नारपोलीत एका घरी काढलेला पासपोर्टचा फोटो हलला, लूम बंद असताना.

एका शुक्रवारी सकाळी साहेबांचं उत्तर आलं. अक्षर सुरेख होतं. 'जागा थांबवता आली नाही. दुसरी उमेदवार घेतली आहे. आपण परवानग्या मागत बसलो, तर आमच्या साप्ताहिकाचं मासिक होईल. तुमचा हात चांगला आहे. यापुढे प्रत्येक कामातली एक तरी निगेटिव्ह विचारून ठेवत जा.' कार्ड मी दोनदा वाचून बाबांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं.

"माणूस वाईट नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "आज दुकानात मी बघतो. तू जा कुठे जायचं तर."

जायचं कुठे हे ठरवायच्या आधीच चाचीच्या घरून निरोप आला, कॅसेट आली.

दुपारी गेले. लूम बंद, सगळं घर टेपभोवती. मलाही मध्ये जागा करून बसवलं. मुलाचा आवाज आला, जाड, थोडा थकलेला. त्याने सगळ्यांना सलाम सांगितला, नाव घेऊन, एकेकाला. मग कोणत्या लूमचा पट्टा बदलायचा ते सांगितलं. मग विचारलं, छतावरच्या टाकीचं काय झालं. मग तिकडच्या उन्हाचं सांगितलं. जागा गेली हे माहीत असूनही मी पुढे वाकून ऐकत होते.

"अम्मा," शेवटी तो म्हणाला, "त्या फोटोवाल्या बायचं तू सांगितलंस. फोटो तुझा हाय, अम्मा. मला काय विचारतेस? तुला वाटलं तर दे. पण एक मला पाठव. तुझा एकपण फोटो माझ्याजवल न्हाय."

टेप पुढे घरघरत राहिला. चाचीने तो बंद केला.

"बघ," ती म्हणाली, "म्हणजे मलाच विचारायला पायजे होतं." तिने उशीखालून फोटो काढला, पाकिटासकट, आणि माझ्यापुढे धरला. "ने. लवकर जा. तुझा सायब वाट बघत असेल."

"जागा भरली, चाची. आज कार्ड आलं."

चाचीचा हात तसाच पुढे राहिला.

"कोण आली?"

"माहीत नाही. मुंबईचीच असेल."

"तिला इथं घरात कोण घेणार?" चाची म्हणाली. मग, "माझ्यामुलं झालं."

"दोघींमुळे," मी म्हणाले. "पाकिटात मी घातली होती."

"तरी ने. माझ्या मुलाला पाठवायचा हाय ना एक."

मी तो स्टुडिओत नेला, भिंतीला लावला, दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि नवी निगेटिव्ह केली. मूळ फोटोएवढी तीक्ष्ण आली नाही. अडकित्त्याच्या पात्यावरचा उजेड जरा मळला. एक प्रत कुवेतसाठी छापली. जुम्म्याला तिन्ही वस्तू घेऊन गेले: मूळ फोटो, प्रत आणि निगेटिव्ह. पाकिटात न घालता तिन्ही चाचीसमोर वेगवेगळ्या ठेवल्या.

तिने मूळ फोटो उशीखाली सरकवला आणि कुवेतची प्रत सुनेकडे दिली. निगेटिव्ह उजेडाला धरून उलटसुलट पाहिली. "ह्याच्यात मी काली दिसते आणि केस पांढरे न्हाय," म्हणाली. तिचा दुसरा हात पानाच्या डब्याकडे गेला. तिने डबा सुनेकडे ढकलला.

"हा आत ठेव. म्हणजे घोटाळा नको."

आणि निगेटिव्ह माझ्या तळहातावर ठेवली.

त्या वर्षांत मी आणखी दोन ठिकाणी नोकरीला विचारलं, दोन्हीकडे झालं नाही. स्टुडिओच्या पायरीवर जाऊन उभं राहण्याची माझी सवय काही सुटली नाही. पण साहेबांच्या कार्डावरचं शेवटचं वाक्य मी लगेच अमलात आणलं. पुढच्याच जुम्म्याला नारपोलीत एका घरी मुलीचे फोटो द्यायला गेले. सगळं मोजून दिलं, बिघडलेले कागद दिले, निगेटिव्ह हातात धरून तिच्या आईला विचारलं, "यातली एक मी ठेवू का? छापणार नाही. छापायची झाली तर आधी येऊन विचारीन."

तिने मान हलवून नको म्हटलं. मी निगेटिव्ह पाकिटात घातली, पाकीट तिला दिलं, कॅमेरा खांद्याला लावला आणि तशीच शेजारच्या घराचा जिना चढले. तिथेही विचारायचं होतं.